रुख्माच्या मेंदूचा फोटो

४ नोव्हेंबर
रुख्मा आज पुन्हा म्हणाली, "मले काई ध्यानात राह्यत नाई. डॉक्टरले दाखवा." बिचारी! मी सत्तरीला आलो, तरी एकोणतीसचा पाढा उलटा म्हणतो. तीस वर्षं गणित शिकवलंय, गंमत नाही. बायकोला मात्र न्यायलाच हवं.

७ नोव्हेंबर
पवनारहून बसने वर्ध्याला. डॉक्टर निघाली आकांक्षा — माझीच विद्यार्थिनी! सगळ्यांदेखत पाया पडली. छाती अशी फुगली!
म्हणाली, "गुरुजी, तुमचीही चाचणी करू." मला तीसपैकी सत्तावीस. पाच शब्द थोड्या वेळाने परत सांगायचे होते, त्यातले तीन हुकले — बाहेर गलका किती होता! रुख्माला सतरा. घड्याळ काढायला सांगितलं, तर पेन्सिल धरून बसून राहिली. दुसरीनंतर तिनं पेन्सिल धरलीच कुठे? आकांक्षा म्हणाली, नुसत्या मार्कांवरून कळायचं नाही, दोघांचाही एमआरआय काढू.

८ नोव्हेंबर
यंत्रात धातू चालत नाही. मंगळसूत्र काढा म्हटल्यावर रुख्मा भडकली. "नवरा जित्ता असताना गळा उघडा ठेवू काय?" शेवटी पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून दिलं. तरी हट्ट — "आंधी तुमी जा, मंग मी."
गेलो! आत नुसती ठणठण. मी पाढे म्हणत पडून राहिलो. बाहेर आलो, तर ही निमूट आत गेली. धीर देणारा नवरा असावा तर असा.

११ नोव्हेंबर
उद्या रिपोर्ट. रुख्मा धड जेवली नाही. म्हटलं, घाबरू नको, मी आहे ना.

१२ नोव्हेंबर
रुख्माचा मेंदू वयाच्या मानाने उत्तम.
आकसलाय तो माझा. आठवणींचा भाग. आकांक्षा हळूच म्हणाली, "शिकलेल्या माणसाचं विसरणं नुसत्या चाचणीत लवकर उमगत नाही, गुरुजी. बरं झालं वेळेवर आलात." मी कुठे आलो? मी हिला घेऊन आलो होतो!
बसमध्ये एकोणतीसचा पाढा उलटा म्हणत बसलो.

१३ नोव्हेंबर
सकाळी विचारलं, मग तुझं विसरणं?
"नव्हतंच. पोळ्याच्या दिवशी तुमी घरची वाट चुकले, मीच हाताले धरून आणलं. तवाच समजलं मले. तसं सांगतलं असतं, तं दवाखान्यात आले असते काय?"
नसतो आलो. वाट चुकलो होतो? मला आठवत नाही. भीती वाटते. पण या बाईचा मी नवरा आहे — एवढं शेवटपर्यंत लक्षात राहू दे!