ओव्हनखालचा खण

मंगळवार, १८ नोव्हें. ८६
मेघनाचा शिकागोहून फोन. थँक्सगिव्हिंगला येतेय! तिचा टॉम आणि त्याचे आईवडील पण. टर्की त्याची आई भाजून आणणार, "आई, तू फक्त साइड्स कर. नॉर्मल साइड्स. प्लीज." साइड्स म्हणजे टर्कीबरोबरच्या भाज्या, नॉर्मल म्हणजे फोडणी नको. बरं.
गेल्या वर्षी टॉमला आणते म्हणाली, तेव्हा ताप आल्याचं सांगून मी सगळं कॅन्सल केलं होतं. ताप नव्हता, हे तिला कळलं. त्यानंतर पोरगी घरी आलेली नाही. या वेळी कॅन्सल केलं तर ती पुन्हा यायची नाही.

गुरुवार, २०
लायब्ररीतल्या बेटीकडून तीन रेसिपी उतरवून घेतल्या. बीन्सचं कॅसरोल, रताळ्याचं, मक्याचं. बीन्सची भाजी एरवी दहा मिनिटांत होते. इथे त्यात डब्यातलं मश्रूमचं सूप ओतायचं, वर डब्यातलाच तळलेला कांदा, आणि तासभर ओव्हनमध्ये शिक्षा द्यायची.

शनिवार, २२
रंगीत तालीम. बीन्सचा लगदा झाला. सुधीरने दोनदा घेतला आणि "छान आहे" म्हणाला. हा नवरा खडूसुद्धा छान आहे म्हणून खाईल.
रताळ्याचं बरं जमलं. किसताना आईची आठवण आली. तिच्या उपासाच्या किसाला जो वास यायचा तो काही येत नाही. डिसेंबरात विचारीन, जिरं कधी घालायची. साताऱ्याला जायला १९ डिसें.चं विमानाचं तिकीट आहे. जुलैत ती अंथरुणाला खिळली तेव्हाच दादाने लिहिलं होतं, येऊन जा. मी डिसेंबर म्हटलं. रजा नव्हती असं नाही.

सोमवार, २४
साताऱ्याहून पत्र. दादाचं अक्षर. निळं एरोग्राम, उजवा कोपरा फाडलेला.
पोस्टात फाटला असेल, असं म्हणत ड्राइव्हवेवर उभी राहिले. पण तो हाताने फाडलेला आहे. आमच्याकडे मेल्याची बातमी असली की पत्राचा कोपरा फाडतात, म्हणजे घेणाऱ्याने उघडण्याआधी समजून घ्यावं.
घरात दोन म्हाताऱ्या. आई आणि आत्या. आत्या नव्वदीची. आत्याच असेल. आत्या असू दे. काय लिहितेय मी हे. आत्याने मला न्हाऊमाखू घातलंय.

सोमवार, नंतर
पत्रावरचा शिक्का १० तारखेचा. म्हणजे जे झालं ते झालंच आहे. आईचं असतं तर दादाने तार केली असती. केली असती ना? मागच्या पत्रात त्याने शेवटी लिहिलं होतं, "तुझ्या सवडीने ये." तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही.
लग्न झालेल्या मुलीला आईवडिलांचं सुतक तीन दिवस. बातमी कळल्यापासून. आज कळलं तर गुरुवारी न्हाईपर्यंत माझ्या हातचं कुणी खायचं नाही, आणि रांधायचं बुधवारीच; पंगत तर लांबच. मेघनाला काय सांगू, आजी गेली म्हणून नका येऊ? गेल्या वर्षीच्या तापानंतर? ती म्हणेल, धिस इयर इट्स आजी.
नाही उघडलं. ओव्हनखालच्या खणात, काचेच्या ट्रेंच्या खाली ठेवलं. सु. तो खण कधी उघडत नाही.

मंगळवार, २५
दादाच्या समोरच्या घरी फोन आहे. नंबर पाठ आहे. लावला नाही.
बीन्स निवडल्या. दोन पाउंड. एकेक शीर काढत बसले, इथल्या बीन्सना शीर नसते तरी.

बुधवार, २६
तिन्ही ट्रे भरून फ्रिजमध्ये. मक्याच्या कॅसरोलला अंडी लागतात, ती पण फोडली. काही वाटेनासं झालंय.
आत्ता लक्षात आलं, सोमवारपासून देवापाशी दिवा लावलेला नाही. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप मागे राहिला. पत्र उघडलं नाही म्हणून सुतक नाही, असं मी स्वतःला बजावते आहे, आणि पाळते पण आहे. मग फसवतेय कुणाला?
एक कळलं. आत्यासाठी माझा हात मागे राहिला नसता.

गुरुवार, २७. थँक्सगिव्हिंग
सगळे आले. टॉम उंच, लाजरा. त्याची आई मिठी मारून म्हणाली, "यू मस्ट बी एक्झॉस्टेड." तेवढ्यानेही रडू आलं असतं.
ओव्हन सकाळपासून चालू. मेघना मदतीला आली आणि मी काही बोलायच्या आत ट्रेसाठी तो खण ओढला.
"आई, इज धिस आजीज लेटर? इथे काय करतंय?"
"वाचून झालंय."
"हाऊ इज शी?"
"बरी आहे."
दोन शब्द. किती सहज निघाले तोंडातून. तिने ट्रे घेतला, खण पायाने ढकलला.
टेबलावर बीन्सचं आणि रताळ्याचं कॅसरोल संपलं, मक्याचं थोडं उरलं. टॉमच्या आईने रताळ्याची रेसिपी मागितली. माझ्या हातचं सगळ्यांनी पोटभर खाल्लं. मी ताटात घेतलं आणि चिवडत राहिले. मेघनाने टेबलाखालून माझा हात धरला, किती वर्षांनी. ती बिचारी समजली, मी टॉममुळे नर्व्हस आहे.
आजच्यासारखा दिवस मला हवा होता. आज तो मला सोसवत नव्हता.

शुक्रवार, २८
मेघना सकाळभर डायनिंग टेबलाशी. आजीला पत्र लिहितेय, मराठीत! सहावीत असताना लिहिलं होतं, त्यानंतर आज.
"आई, कॅसरोल आजीला कसं सांगू?"
"ओव्हनमधली भाजी म्हण."
"आणि टॉम?"
"टॉम टॉमच."
हसली. मी सिंकचा नळ मोठा सोडून उभी राहिले.

रविवार, ३०
पोरं दुपारी गेली. मक्याचं उरलेलं फॉइलमध्ये बांधून दिलं. जाताना मेघना म्हणाली, "ख्रिसमसला येऊ?" ये म्हटलं. ख्रिसमसला मी साताऱ्यात असणार होते.
तिचं पत्र माझ्या हातात. 'प्रिय आजी, मी आईला मदत केली. तू लवकर बरी हो. तुला टॉम आवडेल.' आवडेलचा ड उलटा.
भांडी पुसताना सुधीर म्हणाला, "सोमवारपासून दिवा नाही लावलास." जो माणूस वीस वर्षांत देवासमोर उभा राहिला नाही त्याने मोजलं होतं. मग सांगितलं. सगळं. खण ओढून पत्र काढलं. ओव्हनच्या उष्णतेने कडक झालं होतं, कडेने पिवळं पडलेलं.
तो फाडलेल्या कोपऱ्याकडे बघत राहिला. "मी वाचू?"
"आधी मेघनाचं टाकून ये."
"वसू, अगं, पण जर..."
"टाकून ये म्हटलं ना."
पोस्टाचं तिकीट मीच चिकटवलं. आता तो कोपऱ्यावरच्या टपालपेटीकडे गेलाय. खिडकीतून दिसतोय, बर्फावरून जपून पावलं टाकतोय. सावकाशच येऊ दे त्याला.