कोकोची महाराणी

पाचूबंदर, वसई
ऑक्टोबर २००३

प्रिय क्रिस्टिनाबाय,

मदर मेरी तुम्हा सर्वांना तिकडे जर्मनीच्या थंडीत सांभाळो. तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या युजीनला नोकरी लागली का? इथे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून. मी तुझ्यावर रागावले आहे, तुझ्या बॅप्टिस्टदादावर त्याहून जास्त, आणि सर्वांत जास्त एका बाईवर, जिचं नावही मला ठाऊक नाही.

तू पाठवलेली सीडी मिळाली. सोबत तू एवढंच लिहिलंस, की जुन्या बाजारात सापडली, जर्मन विनोदी सिनेमा आहे, तीस वर्षांपूर्वी दादाचं जहाज हँबर्गला दुरुस्तीला अडकलं होतं तेव्हाचा, आणि दादा त्यात आहे. (पुढचं लिहायला पेन सुकलं होतं का गं?) मला वाटलं, नवरा सिनेमात, म्हणजे अख्ख्या आळीला दाखवायला हवा. त्यात आळीची रोजरी, म्हणजे माळेची प्रार्थना, त्या दिवशी नेमकी आमच्या घरी. प्रार्थना झाली, चणे वाटले आणि सगळ्या बायकांना टीव्हीसमोर बसवलं. चणे संपायच्या आत पडद्यावरच्या हॉटेलात गोऱ्या बायका टॉवेलसुद्धा न गुंडाळता जिने चढू-उतरू लागल्या. मी बंद करायला धावले, तर शेजारच्या कमळीने हात धरला, "थांब गो, बॅप्टिस्ट तं येऊं दे!" मग मी टीव्हीवर ठेवलेली मदर मेरीची मूर्ती तेवढी भिंतीकडे वळवली.

आणि तो आला. महाराजा! मोरपीस लावलेला फेटा, गळ्यात काचेचे मणी. कमळी ओरडली, "अगो रेजिना, सगल्यांत तुजाच नवरा कपऱ्यान हाय!" खोटं कशाला बोलू, सगळ्यांत तो एकटाच कपड्यांत, याचा मला अभिमान वाटला. पण मग लक्षात आलं, की गोऱ्यांना प्रत्येकाला नाव आहे, भांडण आहे, लफडं आहे, आणि आमच्या माणसाला एक शब्दही नाही. फक्त फेटा. थोड्या वेळाने तोच अरब शेख होऊन आला, मग चिनी आचारी होऊन ट्रे घेऊन आला. (मला त्याने हॉटेलात ट्रे धरायचं काम केलं म्हणून सांगितलं होतं, ते अगदीच खोटं नव्हतं म्हणायचं.) गोरे सोडून जगात जेवढी माणसं उरली, तेवढी एकट्या बॅप्टिस्टने भरून काढली. आणि एकीने म्हणून त्याच्याकडे वळून पाहिलं नाही! आधी मी जळत होते तो त्या बायकांत उभा म्हणून, मग जळायला लागले त्या बघत नाहीत म्हणून. माझा नवरा काय टाकाऊ आहे?

एवढ्यावर भागलं असतं. पण शेवटी महाराणी आली. खोटी वेणी, रुपयाएवढं कुंकू, आणि अंगाला सगळीकडे तपकिरी रंग, कानामागे मात्र पांढरीफटक. त्याच रात्री विचारलं तर तुझा भाऊ म्हणाला, कोको फासला होता. तिच्याकडे बघून हा असा हसला बाय, सगळे दात दिसले. आमच्या लग्नाच्या फोटोत हाच माणूस दाढ काढायला आल्यासारखा उभा आहे. माझ्याकडे बघून तो तसा एकदाही हसलेला नाही.

आता तूच सांग. गोऱ्या बाईला कोको फासून सावळी करायची, आणि याची आयती सावळी बायको तेव्हा इथे किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होती! ते काम माझं होतं. एक तार केली असती तर मी पोहत आले असते.

चार दिवस मी त्याच्याशी बोललेले नाही. त्याला वाटतं, माझं डोकं दुखतंय.

तुझी वहिनी,
रेजिना

ता.क. त्या कोकोवालीचं नाव आणि पत्ता शोधून काढ. मला काही भांडायचं नाही. ती आता म्हातारी झाली का, एवढंच कळव. जमल्यास फोटो पाठव.

ता.क. पाकीट चिकटवायचं राहिलं ते बरं झालं. काल न राहवून मी त्याच्या डोक्याला टॉवेल बांधला, हातात तळलेल्या सुरमईचं ताट दिलं आणि म्हटलं, उभा राहा असा, माझ्याकडे बघ. आधी कुरकुरला. मग एकदम हसला. तेच हसू गं, मधले पडलेले दात सोडून. तेव्हा पत्ता राहू दे. मोरपिसाचा तसला फेटा तिकडे मिळाला तर पाठव. कोको नको, माझा रंग घरचाच आहे.