सांध्याचं बटण

३ फेब्रुवारी
कॉइल जळली! मागच्या खोलीत धूर, आणि ही टेबलापाशी खुर्चीत — उजव्या हाताचं बोट अजून बटणावरच. उचलता येईना तिला. मी धावत जाऊन बोट सोडवलं, तोवर टेबलावरच्या माझ्या छोट्या रेल्वेचा रूळ बदलणाऱ्या सांध्याने राम म्हटला होता.

चूक माझी. तिला अर्धांगाचा झटका येऊन चार महिने झाले. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्याच होत्या, बोट दाबता येतंय, उचलायला वेळ लागेल. आणि मी तिला एकटीला बसवून दाढी करायला गेलो!

“मोडलं ना तुमचं?” एवढंच म्हणाली.

५ फेब्रुवारी
ही खोलीकडे फिरकली नाही. मालगाडी एकटीच गोल गोल फिरली. करमेना.

६ फेब्रुवारी
नवी कॉइल बसवली. प्रत्येक सांध्याखाली दोन — एक रूळ डावीकडे ओढते, दुसरी उजवीकडे. वीज द्यायची ती क्षणभर. शाळेत कविता शिकवताना मास्तर बाकावर टिचकी मारून लघु-गुरू दाखवायचे; तसं बटण लघूइतकंच दाबायचं. गुरू झालं की कॉइल तापली. हिचं बोट गुरूच पडतं, त्याला ती तरी काय करणार?

हाताला धरून तिला आणली. ठरलं असं — तिने दाबायचं, मी तिच्या हातावर हात ठेवून लगेच बोट उचलायचं. चौथीच्या पुस्तकातली कविता म्हणू लागलो. कवितेच्या ठेक्यावर दाब, ठेक्यावरच उचल. मालगाडी ऐटीत यार्डात शिरली.

“उचलायला उशीर करता तुम्ही. वय झालं,” ही म्हणाली. हसली! चार महिन्यांनी.

९ फेब्रुवारी
रोज चारला गाडी सुटते. कविता आठवत नाही तिथे ही ओळ पुरवते. तिचा हात पूर्वीसारखाच उबदार आहे.

१२ फेब्रुवारी
सकाळी जिना चढताना धाप लागली. मनात आलं — मी नसेन तेव्हा हिचं बोट कोण उचलणार? गाडी तिची तिला चालवता आली पाहिजे.

सुट्या भागांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, “आजोबा, कपॅसिटरची पेटी लावा. वीज साठवते आणि बटण दाबलं की एका झटक्यात देऊन मोकळी होते. मग बोट तासभर ठेवा, कॉइल तापायची नाही.” सांध्यांसाठी ट्रान्सफॉर्मरही वेगळा घ्या म्हणाला, इंजिनाच्याच विजेवर सांधा बदलला की इंजिन अडखळतं. ते मी रोज बघतोच.

१९ फेब्रुवारी
झाली पेटी! आठवडा गेला, दोन बोटं भाजली. बटण दाबून धरून कवितेची चारही कडवी म्हटली — कॉइल गार!

चारला तिला सांगितलं, आता माझी गरज नाही, हवं तेवढं दाबून ठेव. तिने दाबलं. टक्कन सांधा बदलला. मी टाळ्या वाजवल्या.

“छान आहे,” म्हणाली. आणि आत जाऊन पडली.

२१ फेब्रुवारी
डोकं दुखतं म्हणते. पेटी उघडून तपासली. काहीही बिघडलेलं नाही.

२३ फेब्रुवारी
दुपारी दारातून पाहिलं. ही एकटीच टेबलापाशी. बोट पडत होतं, उठत होतं. टक. टक. टक. एकेक स्वच्छ लघू! मी चष्मा पुसून परत पाहिलं.

कधीपासून जमतंय, विचारलं. आठ-दहा दिवस झाले म्हणाली. मग सांगितलं का नाहीस?

ती रुळांकडेच बघत राहिली. “सांगितलं असतं, तर तुम्ही हात काढून घेतला असता.”

२४ फेब्रुवारी
पेटी सोडवून कपाटात ठेवली. तिला म्हटलं, बिघडली.

“अरेरे,” म्हणाली, आणि बटणावर बोट ठेवून माझी वाट बघत बसली.