शांताच्या मुंग्या

दौंड, शनि. ४ फेब्रु. ७८
क्वार्टरमागच्या गवारीवर मावा, आणि माव्यापाठोपाठ लाल मुंग्या. शेंगा धरेनात. शेजारचे लतीफभाई डी.डी.टी.ची पुडी घेऊन आले. नको म्हणालो. पंचशील घेतलंय, जीव मारायचा नाही. हसले. "मग काय सायेब, हात जोडून सांगनार त्यांना, जावा म्हनून?" चुलीतली राख चाळून टाकली.
सि.चं आजही पत्र नाही. शांता फाटकाशी उभी राहून पोस्टमनला विचारते, "आमच्या पोराचं काय?" मला ऐकवत नाही.

मंगळ. ७ फेब्रु.
राख वाया. कडुलिंबाचा पाला उकळून शिंपडला.
बुकिंगवर कदम म्हणाला, "नावच सिद्धार्थ ठेवलंत, मग घर सोडणारच की हो." आणि जीभ चावली. मीही हसलो. खिडकी उघडून तिकिटं देत बसलो. सि. मॅट्रिकला दुसऱ्यांदा नापास झाला, निकालाच्याच संध्याकाळी गेला. जंक्शनवर हव्या त्या दिशेची गाडी मिळते. माझ्या खिडकीवर तिकीट काढलं नाही, एवढं नक्की.

रवि. १२ फेब्रु.
काल शिक्रापूर. शिरूरहून मेहुण्याचा निरोप होता, शिक्रापूरच्या हॉटेलात सि.सारखा पोरगा कपबशा विसळतो. एस.टी.नं गेलो. पाठमोरा अगदी तोच. मान, खांदे, सगळं. हाक मारली. वळला तो दुसऱ्याच कुणाचा. त्यालाही वाटलं असेल, आपलं कुणी आलं.
शांतानं दारातच ओळखलं. पाण्याचा तांब्या पुढे केला.
वाफ्यात मुंग्या दुप्पट. कडुलिंब पचवला की काय यांनी.

शनि. १८ फेब्रु.
उलगडा झाला. ड्युटी बदलून मिळाली म्हणून दुपारीच घरी. शांता वाफ्याशी उकिडवी, हातात वाटी. कणीक आणि रेशनची साखर. महिनाभर चहा गुळाचा का, तेही कळलं. बाजारात कुणा बाईनं सांगितलं म्हणे, शनिवारी मुंग्यांना घातलं की गेलेलं माणूस परततं. डोकं फिरलं. देव्हारा काढला, उपासतापास सोडले, ते ह्यासाठी? आपल्यात चालतं हे?
"खायला घालती. कुनाचं वाईट तर न्हाई ना करत? तुमी हाकला. मी घालती."
जेवलो नाही.

मंगळ. २१ फेब्रु.
हट्टाला पेटलो. शेंड्यांवर, बुंध्याशी हिंगाचं पाणी. मग त्यांच्या भोकाशी बादलीनं पाणी सोडलं, बुडू नयेत म्हणून बेताबेतानं. निघाल्या. रांगच रांग, कुंपणाखालून रुळांकडे. प्रत्येकीच्या तोंडात पांढरं अंडं. एकही मागे ठेवलं नाही. तिथेच मातीत बसून रडलो. आमचं एकच होतं.

शनि. २५ फेब्रु.
वाफा साफ. गवार फुलावर. जिंकलो म्हणायचं.
शांता दुपारी वाटी घेऊन गेली, ऊन कललं तरी बसून. कणीक टाकली तशीच. आत येऊन म्हणाली, "गेल्या. आता त्यो येत न्हाई." चूल पेटली नाही.

बुध. १ मार्च
वाफ्यात गुळाचा खडा ठेवला. कुंपणापर्यंत साखरेची रेघ. काही नाही. हिंगाचा वास जायला किती दिवस लागतात, लतीफभाईंना विचारलं. ह्या वेळी हसले नाहीत. बादल्यांनी पाला धुऊन काढला. शांता वाढते, बोलत नाही. भांडली असती तरी चाललं असतं.

शनि. ४ मार्च
रुळांपलीकडे बाभळीखाली लाल मुंग्या सापडल्या. मातीसकट पत्र्याच्या डब्यात भरल्या. हाताला कडकडून चावल्या. वाफ्यात अलगद ओतल्या, शांताला बोलावलं. बराच वेळ वाकून बघत होती.
"ह्या त्या न्हाईत."
म्हणालो, लाल आहेत, त्याच असतील.
"न्हाईत. त्यांस्नी समदं सांगितलं व्हतं. ह्यांस्नी काय ठावं?"
मग वाटी आणली. कणीक टाकत पहिल्यापासून सांगू लागली. नाव सिद्धार्थ. सतरावं सरलं. रंग सावळा. अंगात निळा सदरा. डाव्या भुवईवर लहानपणी खोक पडली, तिची खूण आहे. तेवढी खूण शांताची सांगायची राहिली.
ती मी सांगितली.