मासिकात असे काही छापलेले नव्हते

मी, सीताराम मोरू भोईर, वय वर्षे सत्तर, धंदा दुचाकी दुरुस्ती, राहणार कोलशेत गाव, ठाणे पश्चिम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाखाली न येता करून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या पत्नीने त्या दाखल्यावर हरकत घेतली होती, ती विचारात घेतलेली नाही.

मला मरायची घाई नाही. घाई मृत्युपत्राची आहे. येत्या रविवारी माझी नात क्षिप्रा बदलापूरच्या पलीकडच्या माळावर पहिल्यांदाच मोटोक्रॉसच्या, म्हणजे माती-चिखलातून उड्या मारत जाणाऱ्या मोटारसायकलींच्या शर्यतीत उतरते आहे, आणि सदतीस वर्षांपूर्वी मी मारलेल्या एका थापेमुळे ती भर उडीत डोळे मिटणार आहे. हे कसे, ते कलम पाचमध्ये आहे. धीर नसेल त्याने आधी तेच वाचावे.

१. कोलशेतचे राहते घर माझ्या पश्चात पत्नी मंजुळा हिचे. तिच्यानंतर मुलगा दर्शन याचे. दर्शन डोंबिवलीला राहतो आणि हे घर बिल्डरला द्यावे असे त्याचे मत आहे. मंजुळा नाही म्हणाली आहे. ती नाही म्हणाली की विषय संपतो, हा माझा चव्वेचाळीस वर्षांचा अनुभव आहे.

२. माजिवड्याचे गॅरेज भाड्याचे आहे, त्यामुळे ते कोणाला देता येत नाही. आतली हत्यारे मात्र माझी आहेत. ती सर्व क्षिप्राला द्यावीत. दर्शनला बाराचा पाना कोणता आणि तेराचा कोणता हे अजून कळत नाही. हे त्याला टोचावे म्हणून लिहिलेले नाही, नोंद असावी म्हणून लिहिले आहे. अकराचा पाना १९९१ पासून पोपट साळवी, राहणार कळवा, यांच्याकडे आहे. तो त्यांनी परत करावा.

३. बँकेत जे असेल ते मंजुळेचे. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा बरे ठाऊक आहे.

४. माझी खरी इस्टेट म्हणजे परदेशी मोटोक्रॉस मासिकांचे त्रेसष्ट अंक. १९८४ साली कोलशेतच्या एका कारखान्यातला बेल्जियमचा साहेब मायदेशी परतला, तेव्हा त्याच्या बंगल्यातली रद्दी मी वजनावर उचलली. घरी येऊन गठ्ठा सोडला तर पानापानावर चिखलातून उडणाऱ्या गाड्या. मजकूर त्यांच्या भाषेतला. ती भाषा ठाण्यात कोणाला येत नव्हती. मलाही येत नव्हती, पण हे मी कोणाला सांगितले नाही.

त्या काळी आमची शर्यत म्हणजे जुनी राजदूत नाहीतर येझदी घ्यायची, मडगार्ड काढायचे, सायलेन्सर वर वळवायचा आणि खाडीकाठच्या भरावावर आपटून घ्यायचे. शिकवणारे कोणी नव्हते. त्यामुळे माझ्या गॅरेजमधले लाकडी कपाट हेच आमचे कॉलेज झाले. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगरहून पोरे यायची. नियम कडक होते. साबणाने हात धुतल्याशिवाय अंकाला हात लावायचा नाही. बाकावर बसूनच बघायचे. बोटाला थुंकी लावून पान उलटणाऱ्याला दोन महिने बंदी. अंक बाहेर न्यायला मी एकदाच परवानगी दिली, तीही त्या गृहस्थाने गाडीचा कार्ब्युरेटर काढून माझ्याकडे ठेवला तेव्हा. तो रविवारभर पायी फिरला, पण खुशीत होता. कितीही भांडण पेटले तरी ‘मासिकात आहे’ एवढे म्हटले की मिटायचे.

वाचून दाखवणारा मी. त्यामुळे मासिकाची निम्मी इज्जत माझ्या अंगाला चिकटली. मी फोटोंकडे बघून, ओळींवरून बोट फिरवून, धंद्यात शिकलेलेच सांगायचो. चेन किती सैल ठेवावी, एअर फिल्टर कधी धुवावा, असे. त्यात कोणाचे वाटोळे झाले नाही, काहींच्या गाड्या तर सुधारल्या.

२००५ च्या पुरात घरात कमरेएवढे पाणी आले. मंजुळेने तांदळाची कोठी तशीच सोडून आधी मासिके माळ्यावर चढवली. एरवी ती त्यांना रद्दीच म्हणते. भिजलेल्या तांदळावरून ती मला वीस वर्षे बोलते आहे आणि तो तिचा हक्क आहे. माझे तिच्यावर फार प्रेम आहे. तोंडी सांगायचे राहून गेल्यामुळे येथे नमूद करतो.

हे त्रेसष्ट अंक क्षिप्राला द्यावेत. हात धुण्याचा नियम तिलाही लागू राहील.

५. आता थाप. वर उल्लेख केलेला पोपट साळवी हा माझा जुना दोस्त आणि शर्यतीतला माझा वैरी. १९८८ साली एका अंकातला फोटो त्याच्या डोळ्यात भरला. स्वार हवेत आणि डोळे गच्च मिटलेले. पोपटने विचारले, हा डोळे मिटून का आहे? सात-आठ पोरे माझ्या तोंडाकडे बघत होती. ‘माहीत नाही’ हे शब्द मी तोवर गॅरेजमध्ये कधी उच्चारले नव्हते. मी फोटोखालच्या ओळीवर बोट ठेवले आणि वाचले, की हवेत डोळे मिटावेत, म्हणजे गाडीचा तोल पोटाला कळतो.

पुढच्या रविवारी पोपटने डोळे मिटून उडी मारली आणि तो गाडीसकट भजीवाल्याच्या मांडवात उतरला. तेल तापायचे होते म्हणून थोडक्यात निभावले. खांदा मात्र मोडला. मी दवाखान्यात खरे सांगायलाच गेलो होतो. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, “सीताराम, चूक माझी. मी डोळे अर्धा सेकंद आधी उघडले.” मी त्याला संत्री सोलून दिली. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते.

पोपट आता निवृत्त झाला आहे आणि कळव्याला पोरांना गाडी शिकवतो. क्षिप्रा त्याच्याकडे जाते, कारण मी ओरडतो असे तिचे म्हणणे आहे. दिवाळीत तिने मला अभिमानाने सांगितले, की मोठ्या उडीला डोळे मिटायचे, मासिकात आहे.

मी दुसऱ्याच दिवशी कळव्याला जाऊन पोपटला सगळे सांगितले. तो हसला. म्हणाला, “मासिकात छापलंय ते खोटं, आणि तू बोलतोस ते खरं? म्हातारा झालास रे.” मग दर्शनला घेऊन गेलो. त्याने भाषांतरासाठी त्या ओळीवर फोन धरला, तर फोन म्हणाला की स्वाराच्या डोळ्यात चिखल गेला आणि तो नववा आला. त्यावर पोपट म्हणाला की फोनचे काय घेऊन बसलात, परवा तो मला घरी सोडतो सांगून मुंब्र्याला नेत होता.

क्षिप्रालाही सांगून पाहिले. ती म्हणाली, “आजोबा, कोच ते आहेत ना? ते बोलले तर ठेवते उघडे. आणि मी परवा मारलेली डोळे मिटून, काही नाही झालं.” परवाची उडी दोन फुटांची होती. रविवारची आठ फुटांची आहे.

६. पोपट फक्त छापलेल्यावर विश्वास ठेवतो. ही खोड त्याला मीच लावली. तो पावतीमागचे नियमसुद्धा चष्मा लावून वाचतो आणि पूर्ण वाचल्याशिवाय कशावरही सही करत नाही. म्हणून मी हा मजकूर वकील रसिकाताईंकडून टाइप करून, स्टॅम्प पेपरवर छापून घेतला आहे आणि साक्षीदार म्हणून पोपटलाच बोलावले आहे. साक्षीदाराने आतला मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, असे रसिकाताई म्हणाल्या. हे पोपटला सांगू नका, अशी मी त्यांना विनंती केली.

तरी याद्वारे मी जाहीर करतो की मासिकात असे काही छापलेले नव्हते. ती ओळ माझ्या मनची होती. उडी मारताना डोळे उघडे ठेवावेत. पोपट, तुझा खांदा माझ्यामुळे मोडला. मला माफ कर, आणि आज संध्याकाळच्या आत पोरीला सांग.

७. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीचे काम वकील रसिकाताई पाहतील. कलम सहाची अंमलबजावणी मात्र मी जिवंत असतानाच व्हावी.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे, आणि या वेळी तो मी खरोखर वाचला आहे.

ठिकाण: ठाणे
दिनांक: ११ डिसेंबर २०२५, गुरुवार

(सही) सीताराम मोरू भोईर

साक्षीदार १: (सही) डॉ. सम्यक जाधव, माजिवडा

साक्षीदार २: (सही) पोपट गणपत साळवी, कळवा

साक्षीदार क्रमांक २ यांनी सहीखाली स्वहस्ते लिहिलेला शेरा: सर्व पाने वाचली. पटलेले नाही, पण छापलेले आहे म्हणून मानतो. क्षिप्राला आत्ताच फोन करून डोळे उघडे ठेवायला सांगितले, ती बरे म्हणाली. खांदा थंडीत अजून दुखतो. हा कागद सीताराम मेल्यावर माझ्या हातात पडला असता, तर मी भांडलो कोणाशी असतो? तो बाहेर बसला आहे. तिकडेच चाललो.