निनावी शाल

प्रिय बाबा,

वृद्धाश्रमातल्या आजी नवी शाल अंगावर ओढून घेत होत्या आणि मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. "कोणी गं विणली?" त्यांनी विचारलं. माझ्याबरोबर इथंच काम करणारी, माझ्या खोलीतली सोबतीण म्हणाली, "मीच, आजी." आजींनी तिचा हात गालाला लावला.

शाल मी विणली होती. तीन महिने लागले. आज नाताळच्या पहाटे, तुमच्या शिकवणीप्रमाणे, नाव न लिहिता ती आजींच्या उशाशी ठेवली. देवानं आपला पुत्र दिला तेव्हा जगानं त्याला ओळखलंही नाही, म्हणून देणाऱ्यानं नाव मिरवू नये, असं तुम्ही सांगायचात. दुसऱ्या कुणी त्यावर आपलं नाव मिरवलं तर काय करावं, हे मात्र सांगितलं नाहीत.

मी तिला जाब विचारला. म्हणते, "तुला नाव नकोच होतं ना? मग रडतेस कशाला?" वर्षभर एका ताटात जेवलो, बाबा.

माझी तब्येत उत्तम आहे. खोलीही उबदार आहे. आईचा गुडघा कसा आहे? तिला एवढंच वाचून दाखवा.

तुमची
धाकटी

ता.क. काल पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी शालीचा एक टाका उसवला. सोबतिणीला विणता येत नाही, म्हणून तिनं ती गुपचूप माझ्याकडे आणली. मी टाका घातला आणि शाल तिच्या हाती न देता स्वतः आजींच्या खांद्यावर घातली.