उधाणाची रजा

धाकटी डहाणू,
१४ डिसेंबर २०२५

ती. शांतीआत्यास भाविनीचा शि. सा. नमस्कार.

पत्र धर्मेशच्या हाती पाठवतेय. तो मासळी घेऊन तलासरीच्या बाजाराला येतोच. सोबत सुके बोंबील आहेत, ते आधी वेगळे ठेव. बाबांची होडी परवा परतली, मासळी बरी मिळाली. त्यांचा गुडघा पुन्हा दुखतोय. हे तुला कळवायचं नाही असं त्यांनी बजावलंय, म्हणून कळवतेय. फोन केला की तू दोन मिनिटांत घंटा झाली म्हणून पळतेस, त्यापेक्षा पत्र बरं.

आता कामाचं. माझी कादंबरी अडलीय. जादूची आहे, हसू नकोस. एका बेटावर शाळा आहे. तिथली वाराबाई मुलींना दोरीच्या गाठीत वारा बांधायला शिकवते. तिच्याकडे चिमी नावाची मुलगी येते. ती गाव खोटं सांगते, मधूनच नाहीशी होते, आणि परत आली की कोणाची तरी गाठ सुटलेली असते. वाराबाईचा तिच्यावर संशय आहे, पण ती चिमीला काढत नाही. काढली तर माझी गोष्ट चाळिसाव्या पानावरच संपते ना. वर्षावहिनीने वाचलं आणि तुझी वाराबाई मूर्ख आहे म्हणाली. मला राग आला. तू अठ्ठावीस वर्षं वसतिगृहाच्या मुली सांभाळतेस. शहाणी बाई अशा मुलीला का ठेवून घेईल, ते सांग.

माझ्या चुका लाल शाईने परत पाठवू नयेत, ही विनंती. लोभ आहेच, बोंबलांनी तो थोडा वाढावा.

तुझी,
भाविनी

तलासरी,
२१ डिसेंबर २०२५

चि. भाविनीस अनेक आशीर्वाद.

चुका अकरा. शाई निळीच वापरली आहे, रुसू नकोस. बोंबील पोचले. नारूदादाला म्हणावं, गुडघ्याला तेल लाव आणि बहिणीपासून लपवू नकोस.

तुझी वाराबाई मूर्ख नाही. संशय आला म्हणजे गुन्हा सापडला असं नसतं. शिवाय मुलगी शाळेत आहे तोवर डोळ्यांसमोर आहे. एकदा घालवली की ती कुठे जाते, काय करते, कोणाला ठाऊक? आणि समजा आपलंच चुकलं असेल, तर तिच्यासाठी दुसरं दार कुठे उघडं असतं?

हे लिहायला सोपं आहे ग. माझ्याकडेच एक चिमी आहे. रखमी, नववीत. वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न हीच विचारते. हिची आई जानी पावसाळा संपला की घर सोडून मजुरीला कुठेतरी जाते. रखमी न सांगता जाते, दुसऱ्या दिवशी दुपारी येते. हातांवर बारीक बारीक चिरा असतात. विचारलं तर आजी वारली म्हणते. ती आजी मला मागच्या आठवड्यात बाजारात भाजी घेताना भेटली, चांगली खणखणीत. तारखा मी वहीत लिहून ठेवल्यात: ७ ऑक्टोबर, २० नोव्हेंबर, ४ डिसेंबर, १९ डिसेंबर. मुलींनी कॅलेंडर पाहून शोध लावला की सगळ्या अमावास्या आणि पौर्णिमा. आता तिच्या शेजारी कोणी अंथरूण टाकत नाही. ही जादूटोणा शिकते असं बोलतात. दोन पालक नाव काढायला सांगून गेले. मी मुलींना रागावले, पण खरं सांगते, परवापासून माझ्याही खोलीची कडी मी दोनदा बघते. आपलीच लाज वाटते.

सोमवारी, २९ तारखेला बैठक आहे. तिचं नाव काढायचा कागद माझ्या टेबलावर आहे, सही तेवढी बाकी. तू गोष्टीतलं विचारलंस आणि मला तीन रात्री झोप नाही. वाराबाईला काही सुचलं तर मलाही कळव.

तब्येतीला जप. ओढ आहे तशीच असू दे.

तुझी,
शांतीआत्या

धाकटी डहाणू,
२४ डिसेंबर २०२५

ती. आत्यास शि. सा. नमस्कार.

आत्या, सही करू नकोस. पत्र वाचून होईपर्यंत पेनाला हात लावू नकोस.

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवलं. तारखा ऐकल्या आणि ते हसत सुटले. शांती डोंगरात राहून समुद्र विसरली, म्हणाले. अगं, अमावास्या-पौर्णिमेला काय असतं? उधाण. भरती मोठी, तशी ओहोटीही मोठी. एरवी पाण्याखाली असणारे खडक पहाटे उघडे पडतात, आणि वाढवणच्या बाया कालवं काढायला जातात. कालवांच्या खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या कडा धारेच्या असतात, हात कापतात. माझी आजी तुला लहानपणी न्यायची ना? तुझ्या उजव्या अंगठ्यावर पांढरी खूण आहे, ती कसली? लहानपणी मी विचारलं तेव्हा मला वाघ चावल्याचं सांगितलं होतंस.

मी आज बसने वाढवणला जाऊन आले. तलासरीकडची जानी तिथे मासळी सुकवायच्या कामाला आहे. तिला डोळ्यांनी कमी दिसतं. मोठ्या ओहोटीला शेवाळावर तिचा हात धरायला मुलगी येते, असं तिथल्या संगिताताईंनी सांगितलं. लेकीला कामाला लावते म्हणून शाळा आपल्याला बोलावेल, याची जानीला धास्ती आहे. म्हणून आजी सारखी मरते.

माझं वाराबाईचं राहू दे. आधी तुझं निस्तर. माया अशीच असावी, आणि या वेळी चुका मोजू नयेत.

तुझी,
भाविनी

तलासरी,
५ जानेवारी २०२६

चि. भाविनीस अनेक आशीर्वाद.

चुका मोजल्या नाहीत. तुझं पत्र धर्मेशने शनिवारी दिलं. वाचून मी माझा अंगठा पाहिला आणि खूप रडले. रोज याच हाताने हजेरी घेते, आणि याच हाताने तिचं नाव काढणार होते.

रखमीला बोलावलं. काही विचारलं नाही. तिचा हात टेबलावर ठेवायला सांगितला आणि शेजारी माझा ठेवला. तिने माझ्या अंगठ्यावरच्या खुणेवरून बोट फिरवलं. मग हळूच विचारलं, बाई, कालवं? मी हो म्हटलं. त्यानंतर ती बोलायची थांबेना. तिच्या आईला कोणी रागावणार नाही, असं मी तिला वचन दिलं. जानीचे डोळे तपासायला पुढच्या महिन्यात मीच नेणार आहे.

बैठकीत मी कागद फाडला. त्याऐवजी रखमीच्या रजेचा अर्ज भरला आणि कारण उधाण असं लिहिलं. हा कुठला आजार, असं मुख्याध्यापकांनी विचारलं. त्यांना भरती-ओहोटी समजावून सांगण्यात तास गेला. परवा पौर्णिमेला रखमी रीतसर रजा घेऊन गेली आणि काल डबाभर कालवं घेऊन आली. तिच्या शेजारी न झोपणाऱ्या मुली डब्यावर तुटून पडल्या. मला चारच मिळाली.

तुझ्या वाराबाईचं उत्तर सापडलं. चिमीची आई समुद्रात वाऱ्यावाचून अडकली असेल, म्हणून ती गाठी सोडते. आणि वाराबाई तिला ठेवते ती काही फार शहाणी म्हणून नव्हे. सही करायला तिचा हात उठत नाही, एवढंच. तेवढ्या उशिरात तिला कोणीतरी तिच्याच लहानपणाची आठवण करून देतं. वर्षाला सांग, आपण मूर्ख ठरलो असतो, थोडक्यात वाचलो.

पुढची अमावास्या रविवारी आहे. मी वाढवणला येतेय, पहाटे तूही ये. मला आता शेवाळावर चालवेल का, अशी शंका मी रखमीजवळ बोलून दाखवली. ती म्हणाली, एक हात आईला देते, दुसरा तुम्हाला.

नारूदादाला नमस्कार. तुझी आठवण येत असते, तशी तुलाही माझी येत राहो.

तुझी,
शांतीआत्या